तहानलेली पावडर

चँडलरमध्ये कुणाकडेही वाढदिवसाला जेवायला गेलं, की वरण-भातावर तूप पडायच्या आत प्रश्न येतो, "तुम्ही कुठल्या फॅबला?" फॅब म्हणजे चिप तयार करायचा कारखाना. ॲरिझोनातल्या आमच्या या गावात दर दुसरा मराठी माणूस चिपमध्ये आहे आणि उरलेले चिपवाल्यांना घरं विकतात. मी म्हणतो, "मी पावडरमध्ये." एका काकूंनी प्रेमानं विचारलं होतं, "टाल्कम का हो?" एका काकांनी हात धुवायच्या निमित्तानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "लीगल आहे ना?"

तर आधी तेवढं सांगून टाकतो. लीगल आहे. काळी आहे. मैद्यापेक्षा कितीतरी बारीक आहे. अंगाला लागली तर दोन अंघोळींत निघते, शर्टाला लागली तर शर्टाचा मोह सोडायचा. नाव सिलिकॉन कार्बाइड. वाळूतला सिलिकॉन आणि कोळशातला कार्बन यांचं लग्न लावलं की होणारं अपत्य, आणि ते दोघांपैकी कुणावरच गेलेलं नाही. हिऱ्याच्या खालोखाल कडक म्हणाव्यात अशा ज्या मोजक्या गोष्टी माणसाला करता येतात, त्यांतली ही एक. आम्ही तिच्या रिंगा करतो. केमिकल कारखान्यांतल्या पंपांत, ॲसिड बाहेर गळू नये म्हणून दोन रिंगा एकमेकींना घासत वर्षानुवर्षं फिरत असतात, त्या आमच्या. त्या कुणाला दिसत नाहीत. जोवर गळत नाही तोवर कुणाला आठवतही नाहीत.

मला या धंद्यात बावीस वर्षं झाली आणि नवल अजून संपलेलं नाही. लोखंडाची वस्तू करायची तर लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं. चुकलं तर पुन्हा वितळवायचं. आमची पावडर वितळतच नाही. तापवत बसलात तर शेवटी वाफ होऊन उडून जाईल, पण पाणी होणार नाही. मग करायचं काय? साच्यात घालून प्रेसखाली दाबायची. निघते ती रिंग खडूइतकी हळवी असते. नखानं ओरखडा उठतो. ती भट्टीत जाते. तिथे हवा नाही, नुसता आर्गॉन वायू, आणि दोन हजार डिग्रीच्याही वर तापमान. त्या उष्णतेत लोखंडाचं पाणी पाणी होतं. आमची रिंग मात्र वाकतसुद्धा नाही. तिच्यातले कण घट्टच्या घट्ट राहून एकमेकांकडे सरकतात, मधल्या पोकळ्या बाहेर ढकलतात, आणि त्यांच्यातल्या सीमा पुसल्या जातात. अठरा बोटं रुंदीची रिंग आत गेली तर पंधरा बोटांची बाहेर येते. सगळ्या बाजूंनी सारखी आकसलेली, भोक तसंच गोल, कड तशीच सरळ. मी दर जानेवारीत आकसायचा प्रयत्न करतो, मला अजून एका दिशेनंही जमलेलं नाही.

आणि हे सगळं माणसानं शोधलं अशी घमेंड मारायची सोय नाही. हे खनिज निसर्गात पहिल्यांदा सापडलं ते आमच्याच ॲरिझोनात, उल्का पडून झालेल्या एका प्रचंड खड्ड्याशी मिळालेल्या तुकड्यात. काही उल्कांमध्ये याचे असे कण मिळालेत की ते आपल्या सूर्यापेक्षा जुने आहेत. कुठल्या तरी मरणाऱ्या ताऱ्यानं फेकलेले. हे वाचलं त्या आठवड्यातच मी बायको-मुलीला गाडीत घालून तो खड्डा दाखवायला नेलं. कठड्याशी उभं राहून मी ताऱ्यांबद्दल बोलत होतो, आवाजही जरा भरून आला होता. वैशाली, म्हणजे आमची ही, वारा आडवत म्हणाली, "अहो, खड्डाच बघायचा होता तर लोणारला नेलं असतं. वाटेत कारंजाला माहेर तरी लागलं असतं." मुलगी इरा फोनमध्ये डोकं घालून म्हणाली, "इट्स अ व्हेरी नाइस होल, बाबा."

गिऱ्हाइकंही नमुनेदार येतात. एकदा एक होऊ घातलेला नवरदेव आला. त्याला लग्नाची अंगठी आमच्या काळ्या मालाची हवी होती, "कधीही ओरखडा न पडणारी." आम्ही हौसेनं करून दिली. देताना आमचा प्रेस ऑपरेटर अर्नेस्टो त्याला म्हणाला, "हिला सुरीनं घास, कानसेनं घास, काही होणार नाही. पण बाथरूमच्या फरशीवर पाडू नको." नवरदेव गोंधळला. "पण तुम्हीच म्हणालात ना, ही स्टीलहून कडक आहे?" अर्नेस्टो म्हणाला, "कडक आहे म्हणूनच. स्टील मार खाऊन वाकतं. हिला वाकणं माहीत नाही. माझी सासू अशीच आहे." कडक आणि चिवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कॉलेजात मला एका पूर्ण सेमिस्टरमध्ये शिकवलं होतं.

हा अर्नेस्टो म्हणजे त्रेसष्ट वर्षांचा, बुटका, पांढऱ्या मिशीचा माणूस. मोठ्या प्रेसवर सत्तावीस वर्षं. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यानं मला "इन्हे" अशी हाक मारली. दोन आठवडे मला ती शिवी वाटत होती. मग कळलं, मेक्सिकोतले कामगार इंजिनिअरला असं म्हणतात, आपल्याकडे मास्तर म्हणावं तसं.

त्याचं काम समजायला एक गोष्ट कळायला हवी. मैद्याहून बारीक पावडर साच्यात नीट पडत नाही. चिकटते, गुठळ्या होतात, एका कोपऱ्यात ढीग आणि दुसरा रिकामा. म्हणून ती आधी पाण्यात आणि बाइंडरमध्ये कालवायची. बाइंडर म्हणजे एक प्रकारचा डिंक. मग ते काळं सरबत गरम हवेच्या उंच मनोऱ्यात फवारायचं. थेंब खाली पडेपर्यंत वाळतात आणि त्यांचे बारीक रव्यासारखे गोल दाणे होतात. एकेका दाण्यात पावडरीचे अगणित कण डिंकानं धरलेले. म्हणजे अतिसूक्ष्म लाडूच. ते साच्यात वाळूसारखे वाहतात, सगळीकडे सारखे पसरतात. मग प्रेस खाली येतो आणि सगळे लाडू फुटून एकजीव होतात. व्हायलाच हवेत. कारण प्रेसखाली जे राहून गेलं ते भट्टी दुरुस्त करत नाही. भट्टी फक्त ते कायमचं करते.

अर्नेस्टो साच्यात दाणे ओतायचा, पातळ पट्टीनं सारखे करायचा, आणि प्रेस लावायच्या आधी ड्रममधले दाणे हातात घेऊन बघायचा. मी विचारलं, "काय बघतोस?" तो म्हणायचा, "हाताला कळतं." माझ्या प्रोसिजरमध्ये 'हाताला कळतं' असा रकाना नव्हता.

आता माझा पराक्रम. प्रेसची शेड जुनी होती आणि तिच्या छपरावर होता कूलर. आपला, पाण्याचा. इथे त्याला स्वाँप कूलर म्हणतात. ओल्या पॅडमधून हवा ओढायची आणि आत फेकायची. ॲरिझोनाची हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे चालतोही छान. पण मी नागपूरचा. माझं सगळं बालपण लोखंडी कूलरच्या टाकीत बादल्या ओतण्यात गेलं. वाळ्याच्या ताट्या बदलणं, मोटरला ऑइल देणं, रात्री टाकी संपली की 'तू ऊठ, तू ऊठ' अशी भावाभावांची भांडणं. मी अमेरिकेत आलो, डिग्री घेतली, सिनियर इंजिनिअर झालो, आणि कामावर छपराकडे बघतो तर कूलर! मला तो वैयक्तिक अपमान वाटायचा. फॅबमधले मित्र त्यांच्या एसीवाल्या, धूळविरहित खोल्यांबद्दल बोलायचे, तेव्हा मी कूलरचा विषयच काढत नसे.

दोन वर्षं मी प्लांट मॅनेजर ब्रेंडाच्या मागे लागलो. एसी हवा. तापमान स्थिर राहील, धूळ कमी होईल, गिऱ्हाइकाला शेड दाखवता येईल. स्लाइड केल्या. शेवटी एका एप्रिलमध्ये कूलर उतरला आणि एसी बसला. मी त्या दिवशी घरी आइस्क्रीम नेलं.

अर्नेस्टो पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "इन्हे, पावडरला तहान लागलीय."

मी म्हणालो, "तिला जॅकेट दे, थंडी वाजत असेल." सगळे हसले. तो नाही हसला.

मे महिन्यात माल परत यायला लागला. आमच्या रिंगांचा तोंडाचा भाग घासून घासून आरसा करतात, इतका की त्यात चेहरा दिसतो. पंपवाल्या गिऱ्हाइकानं परत पाठवलेल्या रिंगेत मी डोकावलो तर माझा चेहरा देवीचे व्रण असल्यासारखा दिसला. बारीक बारीक खड्डे. खड्डा म्हणजे गळती. गळती म्हणजे ॲसिड. ब्रेंडानं मला बोलावलं. "दोन आठवड्यांत कारण हवं," ती म्हणाली. "नाहीतर हे गिऱ्हाईक गेलं."

मी पावडर तपासली, उत्तम. भट्टीचे आलेख तपासले, निर्दोष. राहिला प्रेस. आणि प्रेसवर काय बदललं? मी शेडमध्ये उभा राहून तीन दिवस बघत राहिलो. अर्नेस्टोचा उजवा हात पट्टी फिरवताना किंचित थरथरत होता. आणि दुसरी गोष्ट, त्यानं ड्रमवर एक ओला टॉवेल टाकून ठेवला होता. ओला टॉवेल! काळजीपूर्वक वाळवलेल्या दाण्यांवर! मी मोबाइलवर फोटो काढला.

"हे काय आहे, अर्नेस्टो?"

"सांगितलं ना, तहान."

"हे प्रोसिजरमध्ये आहे का?"

"नाही."

"मग काढ."

त्यानं काढला. पिळून, घडी घालून, खिडकीशी ठेवला.

मी रिपोर्ट लिहिला. चार पानी, आलेखांसह. निष्कर्ष: ऑपरेटरच्या हाताळणीत सातत्य नाही, हाताला कंप, प्रोसिजर सोडून वागल्याचा पुरावा, फोटो जोडला आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं. मी तेव्हा स्वतःला हेच सांगत होतो आणि म्हणूनच आज त्याची जास्त लाज वाटते.

ब्रेंडा वाईट बाई नाही. तिनं अर्नेस्टोला पॅकिंगमध्ये जागा देऊ केली. तो म्हणाला, "मी खोकी बांधायला सत्तावीस वर्षं शिकलो नाही," आणि जूनच्या शेवटी घरी गेला. पासष्टीला, म्हणजे सरकारी मेडिकेअर लागू व्हायला, त्याला दीड वर्ष बाकी होतं. त्याची बायको आल्मा हिचे आठवड्यातून तीन दिवस इंजेक्शनं आणि डॉक्टर यांत जायचे, ते सगळं आमच्या कंपनीच्या इन्शुरन्सवर. हे मला माहीत होतं. त्याच्या नातीच्या बारशाला, इथल्या चर्चमधल्या, आम्ही तिघं गेलो होतो. आल्मानं इराला डबाभर तमाले, म्हणजे मक्याच्या सालीत गुंडाळून उकडलेल्या वड्या, बांधून दिले होते.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये खड्डे कमी झाले!

प्रेसवर दुसऱ्या शिफ्टमधली एक बाई आली होती, स्थिर हाताची. रिंगा आरशासारख्या निघू लागल्या. गिऱ्हाईक खूश. ब्रेंडानं शुक्रवारी केक आणला, त्यावर माझं नाव, आणि तेही बरोबर स्पेलिंगनं. मी केक कापला. उरलेला घरी आणला तेव्हा वैशालीनं विचारलं, "कसला केक?" मी म्हणालो, "प्रॉब्लेम सॉल्व्ह केला." तिनं एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "अर्नेस्टो भेटले का नंतर कधी?" मी म्हणालो, फोन करायचाय.

फोन केला नाही.

सप्टेंबर सरला, ऑक्टोबर लागला आणि खड्डे परत आले. त्याच बाईच्या हातून, जिचा हात दगडासारखा स्थिर होता. पूर्वीपेक्षा जास्त. आता माझ्याकडे दोष द्यायला हात शिल्लक नव्हता. मग मी ते केलं जे मे महिन्यात करायला हवं होतं. एक खराब रिंग फोडली आणि तुकडा घेऊन युनिव्हर्सिटीच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपकडे गेलो.

तो क्षण मी अजून विसरलो नाही. पडद्यावर आधी नुसतं करडं मैदान. मशीन चालवणाऱ्या मुलीनं जवळ नेलं, आणखी जवळ नेलं. आणि एका खड्ड्याच्या पोटात गोळे दिसले. गोल, पूर्ण, शेजारी शेजारी बसलेले. आमचे सूक्ष्म लाडू! न फुटलेले. मनोऱ्यातून पडताना थेंबाला जो आकार आला होता तो तसाच्या तसा. त्यांच्यावरून कित्येक टनांचा प्रेस गेला होता, दोन हजार डिग्रीची आग गेली होती, डिंक केव्हाच जळून गेला होता, आत सगळं घट्ट दगड झालं होतं; पण दोन गोळ्यांच्या मधली जागा तशीच राहिली होती. दाणे एकमेकांना टेकले होते, मिसळले नव्हते. आम्ही दाबलं त्या दुपारी काय घडलं होतं, त्याची ती जणू साक्ष होती. लोखंड असतं तर वितळून विसरलं असतं. हा पदार्थ विसरत नाही.

"सुंदर आहे," ती मुलगी म्हणाली. "नॉर्मल आहे का हे?"

"नाही," मी म्हणालो. "पण सुंदर आहे."

पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि किल्ली न फिरवता बसून राहिलो. दाणे फुटले नाहीत कारण ते कडक झाले होते. कडक का झाले? बाइंडर. आमचा डिंक जरासा ओलावा धरून असेल तर मऊ राहतो, नसला तर काचेसारखा होतो. हे पुस्तकात आहे. पहिल्या शंभर पानांत आहे. ओलावा कुठून यायचा? शेडच्या हवेतून. शेडच्या हवेत ओलावा कोण टाकत होतं? कूलर. सत्तावीस वर्षं, दिवसभर, पाणी पिऊन पाणी फेकत. तो कूलर मी उतरवला होता. एसीनं हवेतला उरलासुरला ओलावाही पिळून काढला. आणि जुलै-ऑगस्टमध्ये? जुलै-ऑगस्टमध्ये या वाळवंटात काही आठवडे दमट हवा येते, वादळं येतात. आमच्या शेडचं मोठं शटर फोर्कलिफ्टसाठी दिवसातून पन्नासदा उघडतं. आभाळ आत येत होतं आणि केक मी खात होतो.

एका माणसाला हे एप्रिलमध्येच कळलं होतं. त्यानं सांगितलंही. त्यावर उपायही केला होता, टॉवेलचा. त्याच उपायाचा फोटो काढून मी पुरावा म्हणून जोडला होता.

घरी जेवताना मी हे सगळं सांगितलं. मी गोष्टी रंगवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, पण त्या दिवशी रंग लागेना. वैशालीनं पोळी वाढायचं थांबवलं.

"मग आता?"

"आता सोपं आहे. शेडमध्ये ह्युमिडिफायर बसवायचा. महिन्याभरात सगळं नीट होईल."

"ते मशीनचं झालं," वैशाली म्हणाली.

इरानं फोन उलटा ठेवला. हे आमच्या घरी क्वचित होतं. "वेट. सो ही वॉज राइट. अँड यू गॉट हिम फायर्ड?"

"फायर नाही ग, त्याला पॅकिंगमध्ये..."

"बाबा."

"हो," मी म्हणालो. "मी घालवलं त्याला."

"डज ही नो?"

"नाही."

"डज एनीवन?"

हाच खरा प्रश्न होता. कुणालाच माहीत नव्हतं. ह्युमिडिफायर 'सुधारणा' म्हणून बसवता आला असता. स्लाइड करता आल्या असत्या. कदाचित दुसरा केकही आला असता. खोटं सांगत नाही, पोळीचा तो घास चावेपर्यंत मी ते सगळं मनात करून पाहिलं होतं. वैशालीनं माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आल्माच्या इंजेक्शनांचं काय चाललं असेल हो?"

दुसऱ्या दिवशी मी ब्रेंडाच्या टेबलावर मायक्रोस्कोपचा फोटो ठेवला आणि शेजारी माझा जूनचा रिपोर्ट. तिनं दोन्ही पाहिलं.

"म्हणजे एसी," ती म्हणाली.

"म्हणजे मी," मी म्हणालो.

"एसीची मंजुरी माझी होती."

"रिपोर्ट माझा होता."

तिनं चष्मा काढला. "त्याला परत घ्यायला मी वर बोलते. पण आधी तू त्याच्याकडे जा. मी गेले तर ते कंपनी गेल्यासारखं होईल."

अर्नेस्टो मेसामध्ये राहतो, आमच्याकडून वीस मिनिटांवर. शनिवारी सकाळी गेलो. तो अंगणात लिंबाच्या झाडाला आळं करत होता. मला बघून कुदळ बाजूला ठेवली, पण "ये" म्हणाला नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोटो दाखवला. तो त्यानं उन्हात धरला, डोळे बारीक केले.

"हे आपले दाणे?"

"हो."

"भट्टीनंतर?"

"हो."

त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं होतं राग येईल. तो नवल करत होता. सत्तावीस वर्षं ज्यांना हातानं ओळखलं ते त्याला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होते. त्यानं आल्माला हाक मारली, तिला एकेक गोळा बोटानं दाखवला, स्पॅनिशमध्ये भराभरा काहीतरी सांगितलं. तीही वाकून बघत राहिली. त्यानं मला त्या क्षणी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग फोटो परत देत तो म्हणाला, "रिपोर्टमध्ये माझ्याबद्दल काय लिहिलं होतंस? मला कुणी दाखवला नाही."

रिपोर्ट फोनमध्ये होता. मी म्हटलं, पाठवतो. तो म्हणाला, "वाच."

लिंबाच्या झाडाखाली उभा राहून मी वाचला. 'हाताला कंप' इथे मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पुढे." टॉवेलच्या परिच्छेदापाशी आल्मा घरात निघून गेली. संपल्यावर तो म्हणाला, "हात थरथरतो हे खरं आहे. चार वर्षं झाली. त्या चार वर्षांतल्या रिंगा कशा होत्या?"

"चांगल्या."

"हे लिहिलं नाहीस."

"नाही."

"मी येईन," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही. आल्मासाठी, आणि त्या प्रेससाठी. पण तू नवा रिपोर्ट लिहिणार आहेस ना? तो मी सांगेन तेव्हा लिहायचा. आणि जुना फाडायचा नाही. नवा त्याच्यावर स्टेपल करायचा. पुढचा इन्हे येईल तो दोन्ही वाचेल."

हे व्हायला तीन आठवडे लागले. ब्रेंडानं शब्द पाळला. त्याची जुनी जागा, जुना इन्शुरन्स, मधला खंड धरायचा नाही. शेडमध्ये ह्युमिडिफायर आला. सोमवारी सकाळी अर्नेस्टो आला, सगळ्यांना भेटला, माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. आर्द्रतेचे आकडे, आलेख, सगळं तयार. "लिहू?" मी विचारलं.

"काय लिहिणार?"

"की हवेतला ओलावा अमुक इतका हवा."

"आणि ओलावा मोजणारा मीटर बिघडला तर? तेव्हाही कुणाचा तरी हात थरथरत असेल, आणि रिपोर्टमध्ये तोच येईल." त्यानं ड्रमचं झाकण काढलं. "इकडे ये. बाही वर कर."

मी मूठभर दाणे घेतले. "दाब. आता उघड." माझ्या तळहातावर काही क्षण गोळा राहिला आणि ढासळला. "तहान आहे की नाही?" मी म्हणालो, आहे. "चूक. तू मूठ अर्धीच आवळलीस." पुन्हा. "आता?" नाही. "चूक." त्यानं स्वतः दाबला, बोटानं मधोमध हलकेच ढकललं, गोळ्याचे दोन तुकडे झाले, कडा स्वच्छ. कोरड्या ड्रममधला घेतला, तो वाळूसारखा सुटला. जरा जास्त ओलावलेला घेतला, तो बोटालाच चिकटला. टॉवेलमुळे एकदा एका ड्रमची कड अशीच चिकटली होती, हेही त्यानं स्वतः सांगितलं, आणि म्हणाला, हेसुद्धा लिही.

मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी रोज सकाळी तो तीन ड्रममधले दाणे तीन वाट्यांत घ्यायचा, वाट्यांची जागा बदलायचा आणि मला ओळखायला लावायचा. डोळे मिटून. शेडमधले लोक डबे घेऊन बघायला यायचे. बावीस वर्षं या धंद्यात असलेला, स्लाइड करणारा, केक कापणारा सिनियर इंजिनिअर काळ्या हातांनी वाट्या चाचपतोय आणि दरवेळी चुकतोय, हे पाहणं त्यांच्या हक्काचं होतं. मीही हसत होतो, पण एका बाजूनं चकित होत होतो. तीन वाट्यांमध्ये फरक होता तो पाण्याच्या एखाद्या श्वासाइतका. ओलावा मोजायचं माझं यंत्र तो सांगायला अर्धा तास घेत होतं, आणि ह्या माणसाची थरथरती बोटं एका क्षणात.

शुक्रवारी मी डोळे मिटून पहिली वाटी चाचपली, म्हणालो, कोरडी. दुसरी, ओली. तिसरी मुठीत आवळली, बोटानं मध्ये ढकललं, आणि तळहातावर गोळा दुभंगल्याचं मला जाणवलं. दोन तुकडे, काठ धरून असलेले. मी म्हणालो, "ही. ही बरोबर आहे."

डोळे उघडले. अर्नेस्टोनं तिन्ही वाट्या एकेक करून आपापल्या ड्रममध्ये परत ओतल्या, हात पुसले, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"आता लिही," तो म्हणाला.